माईक नंतर घ्या, आधी खोली मुकी करा

अमळनेर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: अहिराणी गाणी आणि भजनं घरीच रेकॉर्ड करायची आहेत. दोन गाणारे, एक पेटी, एक ढोलकी, टाळ. माडीवरची दहा बाय दहाची खोली, वर पत्रा. तीन-साडेतीन हजारांचा यूएसबी कंडेन्सर माईक मागवला, पण आवाज डब्यात बसून गायल्यासारखा येतो आणि मागे सतत गुणगुण असते. हातात अजून १५ हजार आहेत. महागाचा माईक घ्यावा, साउंड कार्ड घ्यावं, की भिंतींना अंड्यांचे ट्रे लावावेत? आणि अहिराणीचं चाललंच आहे तर बहिणाबाईंच्या कविता गायल्या तर कोणी हरकत घेईल का?

पहिल्या तिन्हीचं उत्तर आज तरी 'नको' असं आहे. बहिणाबाईंकडे शेवटी येतो.

तुमच्या माईकमध्ये खोट नाही, तो फार चांगलं ऐकतोय. कंडेन्सर माईकचा पडदा अतिशय पातळ आणि हलका असतो, त्यामुळे खोलीतली बारीकसारीक हालचालही तो टिपतो. उद्या तुम्ही १५ हजारांचा कंडेन्सर आणलात तर तो तुमची खोली आणखी स्वच्छ ऐकवेल. पत्र्याचं घुमणं आणि पंख्याची फरफर, दोन्ही उत्तम दर्जात मिळतील. भुसावळला बसून रेकॉर्डिंगचं काम करताना माझ्याकडे जी रेकॉर्डिंगं दुरुस्तीला येतात, त्यातली बरीचशी खोलीने बिघडवलेली असतात. सामानाने बिघडवलेली त्या मानाने थोडी. आणि खोलीचा घुमारा एकदा आवाजात मिसळला की तो नीट वेगळा काढता येत नाही. मागची गुणगुण सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी कमी होते, घुमाऱ्याच्या मागे लागलं की आवाजच पाणचट होतो.

दहा बाय दहाची खोली मुळातच वाईट, कारण ती चौरस. छतही दहा फुटांवर असेल तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकच, आणि तिन्ही दिशांना तेच तेच सूर फुगतात. दहा फुटांच्या खोलीत साधारण ५६ हर्ट्झ, मग त्याची दुप्पट ११२, मग तिप्पट १६८ च्या आसपासचे सूर उगाच मोठे ऐकू येतात. पुरुषी आवाजाचा खर्ज नेमका ११२ ते १६८ या पट्ट्यात येतो. म्हणून एखादाच स्वर अचानक भोंगळ होतो आणि गाणाऱ्याला वाटतं आपलाच गळा बसलाय. त्यात वरचा पत्रा पातळ आणि ताणलेला, तो स्वतःच वाजतो. दिवसभर तापून फुगतो, ऊन उतरलं की आकसताना टणटण करतो, आणि श्रावणात तर विचारूच नका.

म्हणून पहिला सल्ला: ती खोली सोडा. गावात जुनं धाब्याचं घर शिल्लक असेल, तुमचं नाही तर काकांचं, तर तिथली आतली खोली बघा. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडं आणि मातीचा थर, खाली सारवलेली जमीन. बाहेरचा आवाज जाड भिंतीत अडतो, आतला आवाज सिमेंटच्या गिलाव्याइतका परत फेकला जात नाही, आणि मे महिन्यात ती खोली माडीपेक्षा पुष्कळ गार असते. खान्देशातल्या कित्येक घरांनी स्लॅबच्या नादात पाडून टाकलेली ही खोली आवाजाच्या कामाला स्लॅबच्या खोलीपेक्षा सरस आहे, हे माझं स्पष्ट मत.

दुसरी जागा हंगामात आपोआप तयार होते. भाव चढेल या आशेने कापूस घरात भरून ठेवलेला असतो. अर्धी खोली छातीइतक्या ढिगाने भरलेली असेल तर तिथे एकदा टाळी वाजवून बघा. टाळी वाजते आणि जागच्या जागी विरते. इतकी मुकी खोली विकत करायची तर पैसे मोजावे लागतात. फक्त दोन गोष्टी पाळा. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि तंतू उडत असतील तर गायला तिथे बसू नका, निव्वळ ढोलकी-पेटी उरका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: तापणारा चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, अगरबत्ती यातलं काहीही ढिगाच्या जवळ नको. लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि बोर्ड दाराबाहेर ठेवा. चार टेकसाठी (एका दमात केलेलं एक रेकॉर्डिंग म्हणजे टेक) वर्षाचं पीक पणाला लावण्यात अर्थ नाही.

आता समजा माडीवरचीच खोली वापरायची आहे, दुसरा इलाजच नाही. मग गाद्या काढा. फोम नको, ट्रे तर अजिबात नको. अंड्याचा ट्रे पातळ पुठ्ठ्याचा असतो. बाहेरचा आवाज तो अडवत नाही, आतलाही फक्त वरचा थोडासा शोषतो, त्यामुळे चमक जाते आणि घुमारा तसाच राहतो. बाजारात मिळणारा इंचभर जाडीचा फोमही तेच करतो. खालचे सूर शोषायचे तर जाडी हवी, आणि कापसाची चार-पाच इंची गादी ती जाडी देते. गादी भिंतीला चिकटवू नका. मागे वीतभर पोकळी सोडलीत तर तीच गादी आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करते. खाट उभी करून तिच्यावर गादी टाकली की पोकळी आपोआप मिळते, आणि काम झालं की रात्री त्याच गादीवर झोपताही येतं.

गाद्या कुठे लावायच्या यात जवळपास सगळे चुकतात. माईकच्या मागे फोम लावतात. तुमचा माईक समोरून ऐकतो आणि पाठीमागचं बरंचसं सोडून देतो. मग त्याच्या समोर काय आहे? गाणारा, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. म्हणजे पहिली गादी गाणाऱ्याच्या पाठीशी गेली पाहिजे. दुसरी आणि तिसरी त्याच्या दोन बाजूंना, चौथी डोक्यावर. पत्र्याखाली दोन दोऱ्या ताणून जाड गोधडी दुहेरी टाका, आणि पाचवी मिळाली तरच ती माईकच्या मागे. खोलीच्या बरोबर मधोमध बसू नका, कोपऱ्यातही नको. एका भिंतीपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर बसा आणि हातभर इकडे-तिकडे सरकत एकच ओळ गाऊन बघा. फुगणारा स्वर जिथे शांत होतो ती तुमची जागा, तिथे खडूने खूण करून ठेवा.

गाद्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही, एवढं लक्षात असू द्या. आत घुमणं थांबवणं वेगळं आणि बाहेरचं आत येऊ न देणं वेगळं. बाहेरच्यासाठी जाड भिंत, बंद दार आणि घड्याळ हेच इलाज. खान्देशात घड्याळाचा इलाज सगळ्यात स्वस्त. लग्नसराईत रात्री अकरापर्यंत डीजेशी सामना असतो, पावसाळ्यात रातकिडे आणि बेडूक. मला पहाटे साडेतीन-चार ते साडेपाच ही वेळ मिळाली तर मी दुसरी मागत नाही. भुसावळला मालगाड्या तेव्हाही जातात, पण त्यांची धडधड इतकी खालच्या सुरात असते की ८० हर्ट्झच्या खालचं सगळं फिल्टरने कापलं की बरीचशी निघून जाते. तुमच्याकडे गाडी नसेल, पाण्याची मोटर असेल. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा. पहाटे गळा मात्र जड असतो, म्हणून आधी अर्धा तास खर्ज लावा आणि सुरुवातीला ढोलकी-पेटी उरकून घ्या.

आता उकाडा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तुमच्याकडेही फार वेगळं नसणार. पंखा बंद करून दोन तास गाणं कोणाच्यानेच होत नाही. म्हणून तुकड्यांत काम करा. कूलर आधी तासभर लावून खोली गार करून घ्या, मग कूलर आणि पंखा बंद, पाच-सात मिनिटांचा टेक, पुन्हा पंखा. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला कोणीही न हलता वीस-तीस सेकंद नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा. उरलीसुरली गुणगुण कमी करताना सॉफ्टवेअरला हाच नमुना दाखवायचा असतो.

गुणगुणीचं मूळ मात्र बहुतेकदा विजेत असतं. शोधायची पद्धत साधी. रेकॉर्डिंग चालू ठेवून लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण गेली तर दोष चार्जर किंवा अर्थिंगचा, मग बॅटरीवरच काम करा आणि टेकच्या मध्ये चार्ज करा. नाही गेली तर पंख्याचा रेग्युलेटर पूर्ण बंद करा, एलईडी ट्यूब बंद करा, फ्रिज थोडा वेळ काढा. एकेक गोष्ट बंद करत गेलं की चोर सापडतो. घर इन्व्हर्टरवर चालू असताना जी किर्रकिर्र येते ती स्वस्त इन्व्हर्टरची वीज ओबडधोबड असल्यामुळे, तेव्हा लाइट गेलेली असताना चार्जर लावून रेकॉर्डिंग नको. मोबाइल फ्लाइट मोडवर. आणि गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापा असा सल्ला कोणी दिला तर तो सल्लाही ऐकू नका आणि त्याच्या हातची वायरिंगही घेऊ नका. माईकसमोर घामेजलेल्या ओठांनी उभं राहणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे. त्या पैशांत वायरमन बोलावून अर्थिंग नीट करून घ्या.

हे सगळं केल्यावर तुमच्या आहे त्याच माईकवर पुन्हा एक भजन रेकॉर्ड करा. फरक ऐकून मग पैशांचं बघू.

१५ हजारांतून पहिली खरेदी कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन. दोन-तीन हजारांत कामापुरते येतात. ब्लूटूथचे नकोत. त्यांत आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याइतका उशिरा पोहोचतो, आणि ढोलकीवाल्याला तेवढ्यात अख्खी मात्रा हुकल्यासारखी वाटते. मग जड बुडाचा स्टँड आणि माईकसमोर लावायची जाळी. उरलेल्या पैशांत दोन माईक जोडता येतील असं ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी, ज्याला तुम्ही साउंड कार्ड म्हणताय. दोन तोंडांचंच घ्या, एकाचं नको, कारण ढोलकी आणि गाणं एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायची गरज तुम्हाला पडणारच. दोन यूएसबी माईक एकाच लॅपटॉपला जोडायचा खटाटोप करू नका. दोघांची घड्याळं वेगळी चालतात आणि गाणं संपेपर्यंत दोन ट्रॅक एकमेकांपासून सरकलेले असतात.

इंटरफेस आला की त्याला डायनॅमिक माईक जोडा, पुन्हा कंडेन्सर नाही. शुअर कंपनीचा एसएम५८ हा माईक १९६६ पासून विकला जातोय, ऑर्केस्ट्राच्या आणि कीर्तनाच्या स्टेजवर तुम्ही तो कितीदा तरी पाहिला असेल. तो जवळचं ऐकतो, लांबचं फारसं नाही, म्हणून न सजवलेल्या खोलीत तो महागड्या कंडेन्सरला भारी पडतो. त्याला ४८ व्होल्टचा फॅंटम पुरवठाही (माईकच्या वायरीतूनच दिली जाणारी वीज) लागत नाही. फक्त नकली मालाचा सुळसुळाट आहे, तेव्हा अर्ध्या किमतीत कोणी देत असेल तर हात जोडा. एवढ्यात बसत नसेल तर नावाजलेल्या कंपनीचा साधा डायनॅमिक घ्या, चालेल.

आता प्रत्यक्ष वाजवणं. यात मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण कीबोर्डच्या लूपवर (फिरून फिरून वाजणाऱ्या तयार ठेक्यावर) गाणी काढायच्या घाईत आपल्याकडची ढोलकी रेकॉर्ड करायची सवयच मोडत चाललीय. लग्नात नाचायच्या गाण्याला लूप शोभतो. भजनाला आणि श्रावणातल्या कानबाई देवीच्या गाण्याला नाही, असं मला वाटतं. त्यात लय चढत जाते, आणि क्लिक (हेडफोनमधली ठरावीक लयीची टिकटिक) लावून ती एका जागी खिळवली की गाण्यातला जीव जातो. म्हणून भजनाला क्लिक लावू नका. ढोलकी आणि गाणं एकत्र घ्या, दोघांनी एकमेकांकडे बघत. हे गाणं कच्चं, फक्त ढोलकीला सोबत म्हणून. ढोलकी मनासारखी झाली की तीच ऐकत पक्कं गाणं वेगळं घ्या. नाचाच्या गाण्याला मात्र आधी क्लिक, मग बाकी सगळं.

ढोलकीला एकच माईक असेल तर तो पुढून, दीड-दोन फुटांवर, गुडघ्याच्या उंचीवर, आणि तोंड किंचित शाईच्या (काळा लेप लावलेल्या) बाजूकडे. डावीकडचा घुमणारा आवाज आपोआप सगळीकडे पसरतो, त्याला बोलावून आणावं लागत नाही. शाईच्या बाजूची तीक्ष्ण थाप मात्र दिशा धरून जाते. माईक पानाला, म्हणजे कातड्याला, चिकटवलात तर नखांचा आवाज येईल, ढोलकी येणार नाही. दोन माईक असतील तर एक शाईकडे आणि एक डावीकडच्या घुमणाऱ्या पानाकडे. दोघांमधलं अंतर माईक आणि पान यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, नाही तर दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवताना खालचा आवाज खाल्ला जातो. शंका आली तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. ज्या स्थितीत ढोलकीचा घुमारा भरदार वाटेल ती ठेवा. दोन्ही पानं विरुद्ध बाजूंना असल्यामुळे बऱ्याचदा उलटी केलेलीच बरी वाटते.

आवाजाची पातळी ढोलकीवाल्याच्या सगळ्यात जोरदार थापेवर लावा, सरावातल्या थापेवर नाही. टेक सुरू झाला की तो हमखास जास्त जोरात वाजवतो. अमळनेरकडच्याच एका वादकाला मी तीनदा 'जरा हळू' म्हटल्यावर तो म्हणाला होता, "भाऊ, तुना माईक मनी ढोलकीले घाबरस का?" त्याचं बरोबर होतं. हळू वाजवलेली ढोलकी मिक्सिंगमध्ये मोठी केली तरी ती हळूच वाजवलेली कळते. वादकाला वाजवू द्या आणि गेनची (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती) चकती तुम्ही खाली आणा. सर्वांत मोठा ठोका मीटरवर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ नये. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर एवढं खाली राहून काहीच गमावत नाही. मीटर शून्याला टेकला आणि आवाज फाटला तर मात्र तो टेक गेला. रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा, म्हणजे व्हिडिओला जोडताना बदलावा लागत नाही.

ढोलकीचं पान हवामानाप्रमाणे चढतं-उतरतं, हे वादकाला सांगायला नको. पण दोन दिवसांत तोडून रेकॉर्डिंग केलं तर तुम्हाला त्याचा त्रास होतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पान ताणलं जातं, श्रावणात ढिलं पडतं. म्हणून एका गाण्याची ढोलकी एकाच बैठकीत संपवा आणि दर टेकआधी पेटीला लावून बघा. बासरी असेल तर तिची वेगळी तऱ्हा: हवा तापली की बासरी चढते. ३० अंशांवरून ४५ अंशांवर गेलं तर निव्वळ हवेच्या हिशेबाने जवळजवळ पाव सुराचा फरक पडेल. फुंक मुळातच गरम असते म्हणून प्रत्यक्षात तो कमी पडतो, पण कानाला टोचण्याइतका उरतो.

पेटीचं म्हणाल तर भाता आणि पट्ट्या या दोन खोड्या. भाता मागच्या बाजूला श्वास घेतो, म्हणून माईक तिकडे नको. वादकाच्या बाजूने, पट्ट्यांच्या दीड-दोन फूट वरून, थोडा तिरका. जवळ गेलात तर सुरांपेक्षा पट्ट्यांची खटखट जास्त येईल. वरचं झाकण उघडून आवाज मोठा होतो पण कर्कशही होतो, भजनाला मी बंदच ठेवतो. आणि सुरुवातीलाच एक काम: ट्यूनरच्या ॲपवर तुमची काळी एक किंवा पांढरी चार, जी पट्टी गाणार असाल ती तपासा. घरातली जुनी पेटी बहुतेकदा ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या हिशेबात बरोबर बसत नाही, थोडी वर किंवा खाली असते. नंतर कीबोर्ड किंवा तयार तानपुरा मिसळलात की दोघांचं पटत नाही. पेटी जिथे आहे तिथे राहू द्या, कीबोर्डला आणि तानपुऱ्याच्या ॲपला तेवढे सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली करा. ती सोय त्यांच्यात असते.

टाळ सगळ्यांत शेवटी, वेगळे, माईकपासून चार-पाच फुटांवर. टाळाचा टोकदार आवाज मीटर दाखवतो त्याहून जास्त माईकला झोंबतो. सगळ्यांसोबत घेतले तर ते गाण्याच्या, पेटीच्या, ढोलकीच्या प्रत्येक ट्रॅकमध्ये घुसतात आणि नंतर त्यांचं काही करता येत नाही.

गाताना तोंड आणि माईक यांत एक वीत अंतर. तार सप्तकात जाताना थोडं मागे, खर्जात थोडं पुढे, पण फार जवळ गेलात की डायनॅमिक माईक आवाज विनाकारण जाड करतो. माईक तोंडासमोर सरळ न धरता ओठांच्या थोडा बाजूने लावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ'ची फुंक बाजूने निघून जाते आणि 'स', 'श' टोचत नाहीत. हेडफोनचा एक कान मोकळा ठेवायची सवय असेल तर तो मोकळा कप गालावर दाबून धरा, नाही तर त्यातली ढोलकी माईकमध्ये गळते. कोरस घेताना दोघांनी खांद्याला खांदा लावून एकाच माईकवर गायलं तर दोन वेगळ्या ट्रॅकपेक्षा छान मिसळतं. मोठ्या आवाजाचा अर्धं पाऊल मागे. शब्दांचा कागद हातात नको, स्टँडवर ठेवा, त्याखाली टॉवेल.

सॉफ्टवेअरवर फार विचार करू नका. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपरचा परवाना स्वस्त आहे आणि आधी ६० दिवस वापरून बघता येतं. कोणतंही एक धरा आणि वर्षभर बदलू नका. गाताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये आवाज) चालू करा, बफरशी खेळत बसण्यापेक्षा ते बरं.

मिक्सिंगमध्ये हात आखडता. गाण्याचं ८० हर्ट्झच्या खालचं कापा, २५० ते ४०० च्या दरम्यान भोंगळ वाटत असेल तर दोन-तीन डेसिबल कमी करा, थोडं कम्प्रेशन (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणं), आणि रिव्हर्ब (वरून लावलेला घुमारा) जेवढा आवडेल त्याच्या निम्मा. अहिराणी गाण्यांवर सरसकट ऑटोट्यून मारायची जी टूम निघालीय ती मला पटत नाही. आपल्या बायकांच्या गाण्यातला हेल दोन सुरांच्या मध्ये राहतो, आणि ते यंत्र त्याला ओढून जवळच्या सुरावर बसवतं. तयार गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकाच, कारण ऐकणारे त्यावरच ऐकणार. ढोलकीचा घुमारा तिथे ऐकू येत नसेल तर खालचा बास वाढवून उपयोग नाही, तो स्पीकर तेवढं खाली जातच नाही. थापेचा मधला भाग थोडा उचला. यूट्यूब जास्त मोठं गाणं साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) पातळीपर्यंत खाली आणून वाजवतं, त्यामुळे गाणं दाबून दाबून मोठं करण्यात फायदा नाही.

आता बहिणाबाई. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, आणि मरणोत्तर छापलेल्या लेखनाला ती ६० वर्षं छापल्याच्या पुढच्या वर्षापासून धरतात. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांच्या कवितांचं पहिलं पुस्तक १९५२ सालचं, म्हणजे त्या पुस्तकातल्या कवितांचे शब्द आता मोकळे आहेत. पण रेडिओवर, सिनेमात ऐकलेली चाल दुसऱ्या संगीतकाराची असते आणि तिचा हक्क वेगळा. शब्द घ्या, चाल स्वतःची लावा किंवा घरात जात्यावर गायली जायची ती घ्या. कानबाईची, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी कोणा एकाच्या नावावर नाहीत. तरीही ज्या आजीकडून घेतलीत तिचं नाव आणि गाव तिला विचारून खाली लिहा.

आणि शेवटचं मिक्सिंग जळगावला किंवा धुळ्याला स्टुडिओत करून घेणार असाल, जे मी पहिल्या दोन-तीन गाण्यांना सुचवीन, तर फाइली अशा द्या: प्रत्येक ट्रॅक वेगळा, वेव्हमध्ये, सगळे एकाच शून्य सेकंदापासून सुरू होणारे, रिव्हर्ब न लावलेले, नावात गाणं, वाद्य आणि पट्टी. एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी जागा लागते, पाच मिनिटांच्या गाण्याचे आठ ट्रॅक म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, तिथे आवाज चिरडला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ पेन ड्राइव्ह घेऊन जा, आणि मूळ प्रत लॅपटॉपखेरीज आणखी एका ठिकाणी ठेवल्याशिवाय निघू नका.